सराफा दोनदा बघा: इंदुरात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईहून पाहुणे येणार असले की फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रात्री सराफ्यात जायचं ना?" जायचंच; दिवसा सोन्या-चांदीचा असलेला हा बाजार रात्री खाण्याचा होतो. पण माझा प्रत्येकाला आग्रह असतो, की त्याच दिवशी दुपारी एकदा सराफ्यातून चक्कर मारून या. रात्री अकराला ज्या ओट्यावर भुट्ट्याचा कीस परतत असतो, त्याच ओट्यावर चपला काढून दुपारी एखादी आई लेकीच्या पाटल्या बघायला पेढीत शिरलेली असते. पेढीचं शटर खाली आलं की ओटा खाणाऱ्यांचा. ही अदलाबदल डोळ्यांनी पाहिली की रात्रीच्या गर्दीत आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

मी इंदूरची. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, अशी आमची रीत. आजवर किती जणांना जुन्या शहरात फिरवलं असेल त्याला गणती नाही. त्यातून जो क्रम बसला आहे तो इथे लिहिते. एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशीची दुपार एवढा वेळ हातात ठेवा.

१. आधी महिना ठरवा

जमत असेल तर दिवाळीनंतर या, फेब्रुवारीच्या आत. कारण एकच, गराडू. हा कोनफळाच्या जातीचा कंद, माळव्यात थंडीतच मिळतो. बाकी बहुतेक सगळं वर्षभर मिळेल, पण गराडू चुकला तर पुढच्या थंडीची वाट बघावी लागते. भुट्ट्याचा कीस खास खायचा असेल तर मात्र पावसाळा चांगला. तेव्हा कोवळी, दुधाळ कणसं येतात आणि किसाला साखरेची गरज भासत नाही.

उन्हाळ्यात आलात तर दुपारची भटकंती सोडून द्या; सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर फिरा. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते. लाखो माणसं रस्त्यावर उतरतात आणि गच्च्यांच्या उंचीपर्यंत रंग उडतो. ते बघायचं असेल तर जरूर या, पण त्या दिवशी बाजार फिरण्याचा बेत आखू नका. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघतात, तेव्हाही तसंच.

वार निवडता येत असेल तर शनिवार-रविवार टाळा. सोमवार ते गुरुवार सराफ्यात निदान कोपर न लागता दोना, म्हणजे द्रोण, तोंडापर्यंत नेता येतो.

२. उतरायचं कुठे, निघायचं कसं

स्टेशनपासून राजवाडा दोन किलोमीटरच्या आसपास आहे. स्टेशन आणि राजवाडा यांच्या मध्ये कुठेही उतरलात तरी सोय होते. स्वतःची गाडी घेऊन जुन्या शहरात शिरू नका; लावायला जागा मिळत नाही आणि गल्लीत अडकलात की मागे येता येत नाही. रिक्षा करा, "राजवाडा" म्हणा, तिथून पुढे पायी. पाठीवरची मोठी पिशवी खोलीवर ठेवा. पायात बंद, न घसरणारे बूट किंवा चपला घाला, रात्री रस्ते धुतलेले असतात.

३. सकाळी पोहे, पण अर्धी प्लेट

सात-साडेसातला बाहेर पडा. इंदूरचे पोहे आपल्या घरच्या पोह्यांसारखे असतील असं मनात धरून येऊ नका. इथे कांदा फोडणीत नसतो. खाली उकळत्या पाण्याचं भांडं, वर पोह्यांची मोठी परात, आणि सगळा मामला वाफेवर. त्यामुळे तेल कमी लागतं आणि पोहे दोन तासांनीही मऊ राहतात. तुमची पाळी आली की पोहेवाला उलथण्याने कडेचे पोहे मध्ये ओढतो, ताटलीत घालतो, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, मूठभर शेव, लिंबू आणि शेवटी जीरावन. कधी डाळिंबाचे दाणेही. घासात मध्येच बडीशेप लागते, ती चूक समजू नका. ती इथली ओळख आहे.

जीरावन हा शब्द लक्षात ठेवा, दिवसभर भेटणार आहे. जिरं, धने, बडीशेप, आमचूर, सुंठ, हिंग, काळं मीठ, लाल तिखट असा हा कोरडा मसाला. आमच्याकडे तो मिठाच्या जोडीला ताटात असतो.

पोह्यांबरोबर जलेबी घ्यायचीच. एक घास तिखट, एक गोड असं आलटून पालटून खातात. आधी पोहे संपवून मग जलेबी असं नाही. काही ठिकाणी उसळ-पोहे मिळतात, पोह्यांवर तिखट रस्सा ओतलेले. मराठी माणसाला तो प्रकार बघताच घरचा वाटेल. दोघांत एक उसळ-पोहे आणि एक साधे घ्या. यापेक्षा जास्त सकाळी खाऊ नका, दिवस मोठा आहे.

४. राजवाड्यासमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहा

राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे, हे रस्त्याच्या पलीकडून, बागेजवळून नीट दिसतं. बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. त्यांचा कारभार महेश्वरातून चालायचा. होळकरांची राजधानी इंदुरात पक्की झाली ती इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर. वाड्याने आगी अनेक सोसल्या. १८०१ मध्ये शिंद्यांच्या बाजूच्या सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटलं तेव्हा तो जळला आणि १९८४ च्या दंगलीतही आतला बराच भाग गेला. दर्शनी दरवाजा उभा राहिला, बाकीचं पुन्हा बांधलं. तिकीट काढून आत जा, देवघर आणि चौक बघा, तासाभरात होतं. बाजूलाच गोपाळ मंदिर आहे, त्याचे लाकडी खांब बघून पुढे निघा.

थोडं चालायची तयारी असेल तर कृष्णपुऱ्याच्या छत्र्याही याच फेरीत होतात. होळकर घराण्यातल्या माणसांची ही स्मारकं नदीकाठी आहेत. सकाळचं ऊन त्यांच्या कोरीव कामावर तिरकं पडतं तेव्हा तिथे गर्दी नसते.

आसपासच्या पाट्या वाचत चला. मल्हारगंज, तुकोगंज, यशवंत निवास रोड, एम. टी. क्लॉथ मार्केट. त्यातलं एम. टी. म्हणजे महाराजा तुकोजीराव. पुण्याहून आलेल्या माझ्या आत्याच्या नातवाने ही नावं वाचत वाचत होळकरांची अर्धी वंशावळ जुळवली होती.

५. गल्ल्यांमध्ये शिरताना

अकरानंतर दुकानं नीट उघडतात. इथे नकाशा फार कामाचा नाही, मोबाइलवरचा बाण गल्लीच्या तोंडाशी गोंधळतो. बाजारांची नावं विचारत जा, प्रत्येक बाजाराचा एकेक माल ठरलेला आहे.

बर्तन बाजारात पितळ आणि तांबं वजनावर विकतात. भांडं आवडलं तर आधी दर विचारा, मग वजन डोळ्यांसमोर करायला सांगा. घडणावळ वेगळी लावतात का तेही तेव्हाच विचारा. मारोठिया बाजार मसाल्यांचा. तिथे शिरण्याआधीच नाकाला कळतं. लाल मिरची आणि हिंग यांचा वास घशात बसतो, दमा असणाऱ्यांनी रुमाल जवळ ठेवावा. सीतलामाता बाजार साड्यांचा आणि लग्नाच्या कपड्यांचा. दुकानाच्या पायरीवरून हाका मारून बोलावतात, त्याला संकोचून आत गेलं पाहिजे असं नाही. हसून मान हलवली तरी चालतं. घासाघीस इथे चालते, पण घ्यायचं मनात असेल तरच करा. दहा साड्या उलगडायला लावून उठून जाणं मला तरी बरं वाटत नाही. महेश्वरी साडी मात्र खात्रीच्या दुकानातून किंवा मृगनयनी या सरकारी दालनातून घ्या, कारण नाव महेश्वरी आणि माल यंत्रमागाचा असं बाजारात होतं. खजुरी बाजारात पुस्तकं. बाकी बाजार चालता चालता दिसतीलच.

इतवारिया बाजाराकडे वळलात की काँच मंदिर येतं. सेठ हुकुमचंद यांनी बांधलेलं हे जैन मंदिर बाहेरून साधं दगडी दिसतं. आत भिंती, छत, खांब सगळं काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं. आरशांत मूर्तीची प्रतिबिंबं पुन्हा पुन्हा उमटतात. हुकुमचंद कापूस आणि गिरण्यांच्या धंद्यातले बडे आसामी होते. ज्या बाजारातून तुम्ही चालत आलात त्यातला पैसा या काचांत दिसतो. चामड्याचा पट्टा, पाकीट याबद्दल दारावर विचारून घ्या.

६. दुपारचा सराफा

तीन-चारच्या सुमाराला सराफ्यात जा. राजवाड्यापासून पाच-सात मिनिटांचं चालणं. या वेळी इथे खाण्याची खूण जवळजवळ नसते. जुन्या पेढ्यांवर पांढऱ्या गाद्या, काचेच्या पेटीत तराजू, आणि बोलणं दबक्या आवाजात. काही घ्यायचं नसेल तरी दुकानांच्या रांगेतून सावकाश चाला आणि ओट्यांची उंची बघून ठेवा. कोणता ओटा रुंद, कोणती गल्ली बोळात निघते, बसायला पायरी कुठे आहे, हे रात्री उपयोगाला येतं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर फारच.

रात्री खाण्याचा बाजार इथेच का, याची आमच्याकडे सांगतात ती हकिगत अशी. सराफांना रात्री गल्ली सुनी नको होती. माणसांची जाग राहिली तर चोराची हिंमत होणार नाही, म्हणून पेढ्या बंद झाल्यावर खाणेवाल्यांना ओटे वापरू दिले. कागदावर काय आहे ते मी पाहिलेलं नाही, पण मालक आणि खाणेवाला यांच्यातली समजूत आजही दिसते. साडेआठच्या सुमारास सराफ कुलूप लावत असतो आणि शेजारी कढई, घमेलं, परात घेऊन दुसरा माणूस शांतपणे वाट बघत उभा असतो. शटर पडलं की पाच मिनिटांत ओटा पुसून चूल मांडली जाते. हे बघायचं असेल तर साडेआठलाच पोचा. गर्दी दहानंतर वाढते आणि एक-दीडपर्यंत टिकते.

दुपारचं जेवण मुद्दाम हलकं ठेवा. एखादं फळ, ताक. दाल-बाफले उद्यासाठी ठेवा, त्याचं पुढे सांगते.

७. रात्रीचा सराफा: काय आधी, काय नंतर

इथे सगळं शाकाहारी आहे. चौघे असाल तर प्रत्येक पदार्थाचा एकच दोना घ्या आणि चौघांत खा. पहिल्याच दुकानावर भूक भागवली आणि पुढचं नुसतं बघत राहिलो, असं कितीतरी पाहुण्यांचं झालेलं मी पाहिलं आहे. आधी एक फेरी काहीही न खाता मारा. मग या क्रमाने.

सुरुवात भुट्ट्याच्या किसाने. किसलेला मका तुपात हिंग, मोहरी, हिरव्या मिरचीवर घालून, दूध सोडत मंद आचेवर परततात. चांगला कीस ओळखायची खूण सांगते: कढईच्या कडेला खरपूस पापुद्रा धरलेला असतो आणि वाढणारा तो उलथण्याने खरवडून मधल्या मऊ किसात मिसळत राहतो. नुसता पिवळा, पातळ लगदा दिसला तर पुढचं दुकान बघा. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, जीरावन. हा पदार्थ गरमच खायचा, थंड झाला की घट्ट होतो.

थंडी असेल तर लगेच गराडू. चौकोनी फोडी एकदा तळून ठेवलेल्या असतात. मागितल्यावर पुन्हा कडक तेलात सोडतात, म्हणून बाहेरून कुरकुरीत आणि आतून पिठूळ. मसाला आणि लिंबू त्यावर असे पडतात की फोड जिभेवर टेकताच डोळे मिटतात. घरी कच्चा गराडू नेऊन करणार असाल तर सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते.

मग दहीबडा. जोशींच्या दुकानावर गर्दी असते आणि निम्मी गर्दी बघ्यांची असते. कारण दह्याने भरलेला दोना हवेत भिरकावला जातो, फिरतो आणि एक थेंब न सांडता पुन्हा हातात येतो. लोक त्याचेच व्हिडिओ काढतात. मला स्वतःला त्यानंतरचं जास्त आवडतं: मसाल्यांची एकच चिमूट भरतात आणि बोटं किंचित हलवत त्यातून एकेक मसाला वेगळा, वेगळ्या जागी सोडतात. मीठ, तिखट, जिरं, सगळ्यांचे रंग दह्यावर सुटे दिसतात. दोना हातात घेण्याआधी ते नीट बघा. बडा मऊ, दही गोडसर, पोटाला गारवा देणारं, म्हणून मी तो दोन तळणांच्या मध्ये ठेवते.

विजय चाटवर खोबरा पॅटिस. बाहेर बटाटा, आत खोबऱ्याचं सारण. आपल्या उपवासाच्या पॅटिसची आठवण येईल. साबुदाण्याची खिचडी मात्र आपल्यापेक्षा अगदी निराळी आहे. मोठ्या पातेल्यात वाफवलेला मोकळा साबुदाणा असतो, तुमच्यापुरता काढून त्यात फराळी चिवडा, मसाला, कोथिंबीर, लिंबू घालून कालवतात. दाण्याच्या कुटाची सवय असलेल्यांना पहिला घास चमत्कारिक लागतो. दुसरा घास घेऊनच मत बनवा. उपवास कडक पाळत असाल तर मसाल्यात काय आहे ते आधी विचारा.

गोडाला इथून पुढे. जलेबा म्हणजे जलेबीचा थोरला भाऊ, एकच पाव किलोच्या आसपास भरतो, तो चौघांत एक. रबडी घालून देऊ का विचारतील. पहिल्यांदा नुसताच खा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची आंबूस चव कळते. मावा बाटी, मालपुवा, थंडीत मूगडाळीचा शिरा, यातलं एकच निवडा. शेवटी शिकंजी. नावावरून लिंबाचं सरबत येईल असं वाटेल, पण इथली शिकंजी आटवलेल्या दुधाची, दाट, किंचित आंबटसर, केशर-वेलचीची. ती पिण्यापेक्षा चमच्याने खावी लागते.

मोमो, नूडल्स, धूर निघणारी पानं यांच्या गाड्या दिसल्या तर सोडून द्या. ते तुमच्या गावात मिळतं. पोटात जागा मोजकी असते, ती माळव्याच्या पदार्थांसाठी राखा, ही माझी मनापासून विनंती.

८. बोलणं, वागणं, पोट

दुकानदाराला "भिया" म्हणा. आम्ही सगळे म्हणतो. "भिया, तिखा कम" एवढ्यावर काम होतं. बाईमाणसाच्या दुकानावर "दीदी". मराठीत बोललात तर निम्म्या ठिकाणी समजतं आणि एखादा तुमचं गाव विचारेल.

ओट्यावर बसण्याआधी विचारा. काही ओटे खाणेवाल्यांचे, काहींवर सराफाचा राखणदार बसतो. कचरा हातातच धरून पेटीपर्यंत न्या. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पहिलं आलं, आणि त्यात मोठा वाटा रोज रात्री रस्ते झाडणाऱ्या, धुणाऱ्या माणसांचा आहे. सराफा आवरल्यावर त्यांचं काम सुरू होतं. तुम्ही टाकलेला दोना पहाटे दोनला कुणाला तरी वाकून उचलावा लागतो.

पाणी बाटलीबंदच प्या, झाकण तपासून. कापून ठेवलेली फळं आणि बर्फाचा चुरा नको. तळणीचं तेल काळं आणि फेसाळ दिसलं तर पुढे चला, मग दुकान कितीही नावाजलेलं असो. लहान मुलं बरोबर असतील तर नऊला खाऊन साडेदहाला निघा. जैन पद्धतीचं मागितलं तर बरेच जण करून देतात. पैसे मोबाइलवरून चालतात, तरी गर्दीत नेटवर्क अडतं म्हणून सुट्या नोटा खिशात ठेवा, पुढच्या खिशात.

९. दुसरी दुपार: दाल-बाफले आणि छप्पन दुकान

बाफला म्हणजे बाटीच, पण आधी पाण्यात उकडलेली आणि मग भाजलेली, म्हणून आतून मऊ. तो कुस्करायचा, वर डाळ, वर तूप. तूप वाढणाऱ्याला थांबवावं लागतं. सोबत लसणाची चटणी, कढी, लाडू. दोन बाफल्यांपुढे बहुतेकांना जात नाही आणि त्यानंतर झोप लागते, म्हणून परतीची गाडी रात्रीची असेल त्या दिवशीच हे जेवण घ्या. संध्याकाळी वेळ उरला तर न्यू पलासियातलं छप्पन दुकान बघा. नावाप्रमाणे छप्पन दुकानांची रांग, बसायला मोकळी जागा, गाड्यांना मज्जाव. गर्दीची धास्ती असणाऱ्यांना सराफ्यापेक्षा हे सोपं जातं.

१०. घरी काय न्यायचं

शेव घेताना "लौंग की सेंव" मागा, लवंगेची तिखट शेव. दुकानदार चव बघायला देतो; दोन-तीन जाती चाखून मग सांगा. शेव त्याच दिवशीची आहे का विचारा, आणि पिशवी बंद करण्याआधी एक काडी मोडून बघा, टचकन मोडली पाहिजे. प्रवासात चुरा होऊ नये म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून मागा. जीरावन मारोठिया बाजारात सुटं मिळतं, पाव किलो पुरे, जास्त घेतलंत तर वास उडतो. घरी पोचल्यावर काचेच्या बरणीत काढा. पहिल्या दिवशी भाजलेल्या कणसावर किंवा काकडीवर टाकून बघा, पोहे दुसऱ्या दिवशी सकाळी करा, आणि या वेळी कांदा फोडणीत न घालता वरून कच्चा घाला.